दोन ‘आहे’

मागच्या वेळी आपण ॲरिस्टॉटलच्या जाती-उपजाती पाहिल्या. जावा भाषेतही क्लासला पालक एकच. मग जमिनीवर आणि पाण्यातही चालणारं वाहन कुठं बसवायचं? ‘थांब’ म्हटलं की गाडी ब्रेक लावते, होडी नांगर टाकते. यानं काय करावं?

हा पेच टाळायला जावानं इंटरफेस दिले: नुसतं वचन, कृती नाही. आपण तोच कोड पुन्हा पुन्हा लिहीत बसलो. 2014 साली जावा 8 नं डिफॉल्ट मेथड आणून कृती मागच्या दारानं आत घेतली. पेच राहिलाच. दोन इंटरफेसकडून एकाच नावाची कृती आली, की कंपायलर अडतो. निवड आपणच करायची.

खरा घोळ आपल्या विचारात. ‘हे गाडी आहे’ आणि ‘याला चाकं आहेत’, दोन्हीकडं आपण ‘आहे’च म्हणतो. वाहनाला चाकं द्या, सुकाणू द्या. दुसरा बाप कशाला हवा?