रसदीचे माप : स्लिम यांच्या 'डिफीट इन्टू व्हिक्टरी'तील एक उणीव

ब्रह्मदेश आघाडीवरील चौदाव्या सेनेचे सेनापती विल्यम स्लिम यांचा 'डिफीट इन्टू व्हिक्टरी' (१९५६) हा ग्रंथ युद्धविषयक आत्मपर लेखनात मानाचे स्थान मिळवून आहे. आपल्या चुका कबूल करणारा सेनापती म्हणून स्लिम यांची प्रशंसा होते आणि ती यथार्थही आहे. कोहिमावर शत्रूची फार तर एक रेजिमेंट येईल हा आपला अंदाज साफ चुकल्याचे ते निःसंकोच सांगतात. तथापि वेढ्यात सापडलेल्या छोट्या सैन्याच्या रसदीचा प्रश्न या ग्रंथात जितका सुटलेला भासतो, तितका तो प्रत्यक्षात सुटला होता काय, हे तपासणे आवश्यक ठरते.

या ग्रंथाचा खरा नायक रसद हाच आहे. हवाईछत्र्यांचा तुटवडा पडताच कलकत्त्याच्या तागापासून तयार केलेल्या 'पॅराज्यूट'ची हकिकत स्लिम मोठ्या खुशीने सांगतात. वीस पौंडांहून महाग छत्रीचे काम जेमतेम पौंडाच्या तागाच्या छत्रीने भागवले! प्रशासनप्रमुख स्नेलिंग यांना एखाद्या सेनानायकाइतका मान देणारे असे युद्धवर्णन विरळाच.

फेब्रुवारी १९४४ मधील आराकानातील सिंझवेयाचा वेढा हा या विवेचनाचा आदर्श नमुना होय. वेढलेल्या सैन्याने माघार न घेता जागीच लढावे, रसद आकाशातून येईल, हे सूत्र तेथे यशस्वी झाले. उपाशी राहिले ते वेढा घालणारे जपानी. मात्र सिंझवेया हे मुळात सैन्याचे कोठार होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. तेथील सैन्य दारूगोळ्याच्या व धान्याच्या साठ्यावरच बसलेले होते आणि वरून टाकलेला माल झेलण्यास मोकळी जागाही होती.

पुढील महिन्यात मणिपूरमधील संगशक येथे हे काहीच नव्हते. ब्रिगेडियर होप-थॉमसन यांच्या ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडकडे काटेरी तार नव्हती. खडकाळ डोंगरमाथ्यावर खंदक पुरेसे खोल खणता येत नव्हते, पाण्याचे दुर्भिक्ष होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटणही तेथेच अडकली होती. विमाने आली, माल टाकलाही गेला. परंतु मोर्चाची रुंदी काही शे यार्डांचीच असल्याने त्यातील बराचसा जपान्यांच्या हाती पडला. २६ मार्चच्या रात्री ब्रिगेडला डोंगर सोडावा लागला. या झुंजीमुळे शत्रूचे काही मोलाचे दिवस वाया गेले, हे खरेच. पण ते दिवस रसदीच्या बळावर मिळाले नव्हते. ते माणसे खर्ची घालून मिळाले होते.

संगशकचा निर्देश ग्रंथात येतो, परंतु सिंझवेयाच्या तुलनेत अगदी त्रोटक. याचे कारण केवळ विस्मरण नसावे. स्लिम यांचे माप टनांचे आहे. किती माल उडाला, किती टाकला, हे त्यात बसते. तुकडी जितकी लहान, तितके तिचे आकाशही लहान, ही बाब त्या मापात येत नाही. विमानतळावरच्या हिशेबात 'टाकलेले' ते 'पोहोचलेले' धरले जाते. डोंगरावरच्या सैनिकाच्या लेखी मात्र शंभर यार्ड पलीकडे पडलेले पाण्याचे डबे म्हणजे शत्रूचीच रसद होय.