मांडणशिल्प : सामाजिक व राजकीय टीका

एखादी जागा हाच कलाकृतीचा घटक मानून तीत वस्तू, चित्रे, ध्वनी, प्रकाश इत्यादींची केलेली रचना म्हणजे मांडणशिल्प. प्रेक्षक ते केवळ समोरून पाहत नाही, त्यात वावरतो. आणि बहुधा प्रदर्शन संपताच ते मोडले जाते. या दोन गुणांमुळे टीकेला हा प्रकार सोयीचा ठरला. भारतात त्याला ही दिशा विशेषेकरून १९९२-९३ च्या दंगलींनंतर लाभली. विवान सुंदरम् यांच्या मेमोरिअल (१९९३) या रचनेत मुंबईच्या रस्त्यावर पडलेल्या एका मृताचे वृत्तपत्रीय छायाचित्र पुनःपुन्हा येते; त्यात खिळे ठोकलेले आहेत.

विदर्भाच्या दृष्टीने प्रभाकर पाचपुते (१९८६– ) यांचे काम अधिक महत्त्वाचे. चंद्रपूर परिसरातील कोळसा-खाणीत राबणाऱ्या कुटुंबातून ते आले. कोळशानेच भिंतीवर रेखाटलेल्या त्यांच्या मनुष्याकृतींना पुष्कळदा डोक्याच्या जागी एखादी वस्तू वा अवजार असते. मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांनी नासिक ते मुंबई असा सु. १८० किमी. चा पायी मोर्चा काढला. त्यावरून सुचलेली त्यांची रचना त्याच वर्षी कोचीच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडण्यात आली. पाचपुते कोणावर आरोप ठेवत नाहीत. जमीन आणि शरीर एकाच रीतीने खणले जाते, एवढेच दाखवितात. ही संयत रीत प्रभावी खरी. तथापि मोर्चाची माहिती नसलेल्या प्रेक्षकास ती केवळ विलक्षण आकृतींचा मेळा वाटण्याचा संभव आहे.

नागपूरच्या बडग्यांविषयी अशी शंका उरत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींबरोबर निघणारे हे पुतळे महागाई, भ्रष्टाचार, पुढारी यांची उघड हजेरी घेतात व शेवटी जाळले जातात. कलादालनाच्या व्याख्येत ते बसत नाहीत; पण क्षणभंगुरता आणि रस्त्यावरचा प्रेक्षक ही दोन्ही त्यांच्यापाशी आहेत. उणीव ही, की त्यांचा रोष दरवर्षी ठरावीक साच्यात येतो आणि त्याच दिवशी विझतो.

मांडणशिल्पातील टीकेची खरी कसोटी प्रेक्षक कोण, ही होय. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी वर्ध्याजवळील दत्तपूर येथे पत्नी व चार मुलांसह जीवन संपविले. शेतकऱ्यांच्या हालअपेष्टांवरील रचना बहुधा महानगरांतील दालनांत मांडल्या जातात. महागावचा शेतकरी त्यांचा विषय असतो, प्रेक्षक क्वचितच. करपे कुटुंबाची आठवण मात्र दालनावाचून राहिली आहे : २०१७ पासून दर १९ मार्चला राज्यात अनेक जण एक दिवस अन्नत्याग करतात.