‘संघर्ष’ : एका समीक्षासंज्ञेचा विचार

नाट्यसमीक्षेत ‘संघर्ष’ हा शब्द इतका रूढ झाला आहे की, त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. त्याचे मूळ ‘घृष्’ ह्या धातूत आहे. घृष् म्हणजे घासणे. आणि घासण्यास दोन पदार्थ लागतात. ‘सम्’ हा उपसर्ग ती परस्परता दृढ करतो. चढाओढ, स्पर्धा हा संस्कृतातील अर्थही ह्याच परस्परतेतून आलेला आहे.

व्यवहारातील मराठी ह्या बाबतीत काटेकोर आहे. भांडण जुंपते, तंटा मिटवता येतो, वैर पिढ्यान्‌पिढ्या चालते. महाराष्ट्र शासनाने २००७ साली सुरू केलेल्या मोहिमेच्या नावात ‘तंटामुक्त गाव’ असे शब्द आहेत. तेथे ‘संघर्षमुक्त’ शोभला नसता. तंट्याचा निवाडा चार माणसे बसून करू शकतात. संघर्षाविषयी तसा भरवसा ह्या शब्दातून मिळत नाही.

आधुनिक उपयोजनात मात्र ह्या शब्दात दोन अर्थ एकवटले आहेत. ‘वर्गसंघर्षा’त दोन पक्ष असतात, ‘जीवनसंघर्षा’त पुष्कळदा एक माणूस आणि त्याचे कष्ट एवढेच असते. पहिल्याबाबत ‘कोणाशी?’ असा प्रश्न उद्भवतो, दुसऱ्याबाबत ‘कशासाठी?’ असा. समीक्षेत ह्या दोहोंची गल्लत झाली म्हणजे कलाकृतीचा अर्थच बदलतो.

खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) सैरंध्री आणि कीचक ह्यांच्यामध्ये संघर्ष आहे, ह्याविषयी दुमत संभवत नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तही व्यसनमुक्तीचा निश्चय करून पुन्हा ढळणाऱ्या सुधाकराचे मन दुभंगलेले आहे, तेथे अंतःसंघर्ष म्हणणे योग्यच होय. परंतु सिंधूचे काय? ती दळण दळते, उपासमार सोसते, अखेरीस पतीचा अपराधही झाकते. ती परिस्थितीशी संघर्ष करते, असे म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्यामुळे ती परिस्थिती ओढवली, त्या पतीस ती विरोध करीत नाही. ती नाकारते ती माहेरची मदत. म्हणजे तिचा निग्रह उभा राहतो तो तिला वाचवू पाहणाऱ्यांपुढे.

सिंधूच्या सोसण्यास ‘संघर्ष’ म्हटल्याने तिचा गौरव झाल्यासारखा वाटतो. परंतु ती लढत नाही, हे ह्या शोकांतिकेतील मर्मभेदक सत्य त्या गौरवाखाली झाकले जाते. ‘कोणाशी?’ ह्या प्रश्नास संहितेतून उत्तर मिळत नसेल, तेथे समीक्षकाने ‘सोसणे’, ‘धडपड’, ‘निग्रह’ ह्यांपैकी नेमका शब्द योजणे श्रेयस्कर होय.