छायाचित्राबाहेरचा हिशेब

आज आपण भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदांबद्दल बोलणार आहोत, पण त्यांत मांडलेल्या सिद्धांतांबद्दल कमी आणि त्यांच्या जमाखर्चाबद्दल जास्त. तत्त्वज्ञानाच्या माणसाने अंदाजपत्रकात नाक खुपसू नये असं काहींना वाटेल. आमचं म्हणणं उलट आहे. अंदाजपत्रक हा एक युक्तिवाद असतो. त्याला गृहीतकं असतात, त्यातली काही लपलेली असतात, आणि ती उघडी करणं हे तर आमच्या विषयाचं जुनं कामच आहे.

सुरुवात सगळ्यांनी पाहिलेल्या एका छायाचित्राने करू. १९२७ ची ब्रुसेल्सची सॉल्व्हे परिषद. एकोणतीस माणसं, त्यातली सतरा नोबेल मिळालेली किंवा पुढे मिळणारी, आणि स्त्री एकच, मारी क्युरी. हे छायाचित्र आपल्याकडे कॉलेजांच्या भिंतींवर लावतात, खाली 'इतिहासातील सर्वात बुद्धिमान छायाचित्र' अशा धर्तीचं काहीतरी लिहितात. आमची तक्रार या खालच्या ओळीशी आहे. ती ओळ वाचली की असं वाटतं, बुद्धिमत्ता आपोआप एका खोलीत गोळा झाली. परिषद म्हणजे जणू पाऊस, वरून पडला! प्रत्यक्षात कोणीतरी यादी केली, कोणीतरी पत्रं पाठवली, कोणीतरी हॉटेलचं बिल भरलं. आणि ज्याने यादी केली त्याने न केलेली नावंही ठरवली.

म्हणून पहिल्या परिषदेकडे जाऊ, १९११ कडे. कल्पना होती वाल्टर नेर्न्स्ट यांची. क्वांटम कल्पनेमुळे जुन्या सिद्धांतांचा पायाच हलतोय, तेव्हा मोजक्या जाणत्यांना एकत्र बसवावं, हा त्यांचा बेत. गंमत अशी की मॅक्स प्लँक, ज्यांनी १९०० मध्ये ही कल्पना मांडली, तेच साशंक होते. त्यांचं म्हणणं होतं की ज्यांना बोलवायचं त्यातल्या निम्म्यांनाही या प्रश्नाची निकड जाणवत नाही. थोडं थांबू या. नेर्न्स्ट थांबले नाहीत, कारण त्यांना पैसे देणारा माणूस भेटला होता. एर्नेस्ट सॉल्व्हे, बेल्जियमचे उद्योगपती, धुण्याचा सोडा बनवण्याच्या पद्धतीवर प्रचंड श्रीमंत झालेले, आणि पदार्थाच्या रचनेबद्दल स्वतःचे काही सिद्धांत बाळगणारे. आपले विचार मोठ्या शास्त्रज्ञांनी ऐकावेत ही त्यांची इच्छा होती. नेर्न्स्टना परिषद हवी होती, सॉल्व्हेंना श्रोते हवे होते. दोन्ही गरजा जुळल्या. परिषदेची तारीख विज्ञानाच्या निकडीने ठरली की देणगीदाराच्या उत्साहाने, या प्रश्नाचं उत्तर प्लँकच्या शंकेत आहे.

नियोजन मात्र उत्तम होतं, हे कबूल केलंच पाहिजे. आमंत्रणं गोपनीय. विषय एकच, प्रारण आणि क्वांटा. निबंध आधीच लिहून सदस्यांकडे पाठवलेले, म्हणजे वेळ वाचनात नव्हे तर वादात जावा. जागा ब्रुसेल्सचं हॉटेल मेट्रोपोल. प्रत्येकाला प्रवासखर्चापोटी हजार फ्रँक. अध्यक्ष लोरेन्ट्स, कारण त्यांना विषयही येत होता आणि जर्मन, फ्रेंच, इंग्रजी या तिन्ही भाषाही. दुभाष्याचा खर्च वाचला असं कोणी म्हणेल, पण मुद्दा खर्चाचा नव्हता. तीन भाषांत भांडणारी माणसं एकमेकांना कळली पाहिजेत, हा होता. फळ काय मिळालं? पॉइन्कारे तिथे क्वांटम कल्पनेशी पहिल्यांदा गांभीर्याने भिडले, आणि परतल्यावर काही आठवड्यांतच त्यांनी गणिताने दाखवून दिलं की प्लँकचा नियम हवा असेल तर ही खंडितता टाळता येत नाही. पुढच्या जुलैत ते वारले. म्हणजे ती परिषद वर्षभराने भरली असती तर पॉइन्कारे नसते. तेव्हा देणगीदाराची घाई नेहमीच वाईट असते असंही आम्हाला म्हणायचं नाही.

त्या १९११ च्या छायाचित्रातला एक तपशील आम्हाला फार आवडतो. फोटो काढला तेव्हा सॉल्व्हे तिथे नव्हतेच. त्यांचा चेहरा नंतर चिकटवला, आणि तो शेजाऱ्यांपेक्षा थोडा मोठाच दिसतो! प्रायोजकाचं बोधचिन्ह आपण आज फलकाच्या कोपऱ्यात छापतो, त्याचा हा पूर्वज म्हणायचा.

१९१२ मध्ये सॉल्व्हेंनी जे केलं ते अधिक महत्त्वाचं. त्यांनी दहा लाख फ्रँक देऊन संस्था उभी केली, मुदत तीस वर्षं. दर परिषदेला हात पसरायचा नाही. ठेवीतून परिषदा, आणि संशोधनाला अनुदानंही. शिवाय कोणाला बोलवायचं हे शास्त्रज्ञांच्या समितीने ठरवायचं. इथपर्यंत सगळं छान आहे. पण पैशाचा प्रश्न सुटला म्हणून निवडीचा प्रश्न सुटला का? नाही. महायुद्धानंतर १९२१ आणि १९२४ च्या परिषदांना जर्मनीतले शास्त्रज्ञ नव्हते. एकट्या आइन्स्टाइनना १९२१ मध्ये बोलावलं होतं, ते अमेरिकेला गेले. १९२४ मध्ये, सहकाऱ्यांना वगळून मी येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे तिजोरी भरलेली, हॉटेल ठरलेलं, आणि क्वांटम सिद्धांत ज्या भाषेत घडत होता त्या भाषेतली माणसं दाराबाहेर. लोरेन्ट्सनी १९२६ मध्ये बेल्जियमच्या राजाची भेट घेऊन हा तिढा सोडवला, तेव्हा कुठे १९२७ चं ते छायाचित्र शक्य झालं. त्या चित्रातलं खरं कर्तृत्व आम्ही या भेटीला देऊ. भिंतीवरच्या ओळीत तिचा उल्लेख नसतो.

आता त्याच वर्षीची दुसरी परिषद. सप्टेंबर १९२७, इटलीतलं कोमो गाव, व्होल्टाची मृत्युशताब्दी. इथे यजमान एक राज्य होतं, मुसोलिनीचं. थाट मोठा, निमंत्रितांची संख्या मोठी. बोर यांनी पूरकतेची कल्पना पहिल्यांदा जाहीरपणे मांडली ती इथे. अलाहाबादहून मेघनाद साहा यांनाही निमंत्रण होतं. पण आइन्स्टाइन आले नाहीत. परिणाम असा की पूरकतेचा सर्वात मोठा टीकाकार ती मांडली गेली तेव्हा हजरच नव्हता; तो वाद महिनाभराने ब्रुसेल्समध्ये पेटला. आम्ही वर्गात बोर-आइन्स्टाइन वाद शिकवताना तो दोन मनांचा वाद म्हणून शिकवतो. त्यात यजमान कोण, पैसा कोणाचा, याचाही वाटा आहे, हे पाठ्यपुस्तकं सांगत नाहीत.

आणि ब्रुसेल्सच्या त्या एकोणतिसांत सत्येंद्रनाथ बोस नाहीत. १९२४ च्या त्यांच्या निबंधाचं जर्मन भाषांतर खुद्द आइन्स्टाइननी केलं होतं. बोस तेव्हा ढाक्याला होते. ढाका ते ब्रुसेल्स हे अंतर फक्त बोटीच्या तिकिटाचं नव्हतं. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढचं जग युरोपात संपत होतं. सॉल्व्हेच्या छायाचित्रात होमी भाभा दिसतात ते १९४८ मध्ये.

आता आजच्या यजमानाकडे येऊ. आपण एक हिशेब करून बघू, आकडे मनचे आहेत. समजा परिषद भरवायचा ठोक खर्च तीस लाख आहे: सभागृह, ध्वनिव्यवस्था, मुख्य वक्त्यांची विमानं, छपाई. माणसं किती आली यावर हा बदलत नाही. शिवाय दर माणशी आठ हजार: जेवण, चहा, बस वगैरे. तीनशे माणसं आली तर नोंदणी शुल्क पडतं अठरा हजार. दोनशेच आली तर तेवीस हजार. अडचण ही की शुल्क जाहीर करावं लागतं वर्षभर आधी, आणि माणसं मोजता येतात शेवटच्या दिवशी. अठरा हजार जाहीर केले आणि दोनशेच आली तर दहा लाखांचा खड्डा. ही भीती प्रत्येक आयोजकाच्या पोटात असते, आणि ती खरी आहे. आम्ही तिला हसत नाही.

पण भीतीपोटी कात्री कुठे चालते ते बघा. विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च आणि शुल्कमाफी ही बाब अंदाजपत्रकात जवळजवळ नेहमी शेवटी असते, आणि तिच्यापुढे मनातल्या मनात लिहिलेलं असतं: 'उरले तर'. उरत नाहीत. आम्हाला एकदा अशाच एका यजमान समितीवर, बहुधा शोभेसाठी, घेतलं होतं. सहभागींना द्यायची पिशवी ज्यूटची की कापडाची, यावर तासभर चर्चा झाली. छोट्या विद्यापीठांतल्या संशोधकांच्या प्रवासखर्चाला पाच मिनिटं मिळाली, तीही चहा येईपर्यंतची. पार्किन्सन यांनी १९५७ मध्येच हे लिहून ठेवलंय: समिती एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि एकवीस पौंडांच्या चहापाण्यावर सव्वा तास घालवते. आम्ही त्यात एवढीच भर घालू की पिशवी सगळ्यांना समजते म्हणून तिच्यावर बोलतात, आणि न आलेला विद्यार्थी समोर दिसतच नाही म्हणून त्याच्यावर कोणी बोलत नाही.

आपल्याच हिशेबाकडे परत जाऊ. तीनशेपैकी साठ जणांना शुल्क माफ केलं तर चोपन्न लाखांचा भार उरलेल्या दोनशे चाळीसांवर येतो. शुल्क साडेबावीस हजार. म्हणजे ज्याला परवडतं त्याने साडेचार हजार जास्त द्यायचे. हा आकडा मोठा आहे की लहान, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. पण मग तो मतभेद समोर मांडा ना! शाल-श्रीफळ, मेजवानी, स्मृतिचिन्ह यांना ठोक खर्चात बसवायचं आणि साठ माणसांना 'उरले तर'मध्ये, हा मतभेद नाही. त्यात निर्णय झालेला असतो, फक्त तो घेतला असं कोणी म्हणत नाही.

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. लहान, निवडक परिषदाच फळतात, असं इतिहास सांगतो. १९४७ ची शेल्टर आयलंड परिषद घ्या: वीस-पंचवीस माणसं, एक साधी खाणावळवजा सराई, खर्च हजार डॉलरच्या आत, आणि लॅम्ब यांचा तो मोजमापाचा निकाल, ज्याने क्वांटम विद्युतगतिकीला नवी दिशा दिली. दार सताड उघडलं तर जत्रा होते, चर्चा होत नाही. मान्य. पण लहान असणं आणि ओळखीच्यांचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचवीसच बोलवा, पंचविसात दोन जागा अशा ठेवा ज्यांची नावं समितीला आधी माहीत नव्हती. त्याला खर्च किती येतो? दोन तिकिटं.

आणि तिकीट असूनही येता येत नाही, तो भाग वेगळाच. १९५४ मध्ये अमेरिकेने डिरॅक यांना व्हिसा नाकारला. डिरॅक यांना! त्या मोसमात ते मुंबईला आले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी व्याख्यानं दिली. आपला फायदा झाला, ठीक. पण नोबेलविजेत्याला दुसरं दार उघडतं; आज इराणमधल्या किंवा सुदानमधल्या पीएचडीच्या मुलीला कुठलं उघडणार? शास्त्रज्ञांच्या मुक्त संचाराची अट शुद्ध आणि उपयोजित भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने यजमानांवर घातलेली आहे. आपल्याकडेही गृह आणि परराष्ट्र खात्यांच्या परवानग्या लागतात. आयोजक हे काम कारकुनाकडे सोपवतात, आणि तेही उशिरा. आमच्या मते व्हिसाची पत्रं ही सभागृहाच्या आगाऊ रकमेइतकीच आधीची बाब आहे, आणि त्यासाठी पगारी माणूस ठेवला तर तो खर्च ठोक खर्चात धरावा.

पैसा नाही म्हणून हे जमत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी एकच उदाहरण. डिसेंबर १९५० मध्ये टाटा संस्थेने मुंबईत मूलकणांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली, युनेस्कोची मदत घेऊन. प्रजासत्ताकाला वर्षही झालं नव्हतं, संस्थेला कुलाब्याची इमारत नव्हती, ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती. त्याच महिन्यात अमेरिकेत मार्शॅक यांनी स्थानिक उद्योगांच्या पैशावर पहिली रॉचेस्टर परिषद घेतली, एका दिवसाची. रॉचेस्टरची परंपरा झाली, ती आजही दर दोन वर्षांनी जगभर फिरते. मुंबईची का झाली नाही, हा प्रश्न पुढच्या व्याख्यानासाठी ठेवू. त्याचं उत्तर १९१२ च्या त्या ठेवीच्या आसपास शोधावं लागेल असा आमचा अंदाज आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ. ऑनलाइन असलेल्यांनी लिहून पाठवा, इथले हात वर करोत.