इरावतीबाईंचे चालणे

ललित निबंध म्हणजे विद्वानाचा विरंगुळा, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. दिवसभर ग्रंथांत मान घालून बसलेल्या पंडिताने संध्याकाळी ओटीवर यावे, अडकित्ता हाती घ्यावा आणि घरच्यांशी चार गोष्टी बोलाव्यात, तसे काहीसे. इरावती कर्वे यांच्या निबंधांविषयीही बहुतेक असेच बोलले जाते. मानववंशशास्त्र हे बाईंचे खरे काम, आणि 'परिपूर्ती' (१९४९), 'भोवरा' (१९६४), 'गंगाजल' (१९७२) ही त्या कामातून उरलेल्या वेळाची फळे! मला हे म्हणणे मुळीच पटत नाही. बाईंचे शास्त्र आणि बाईंचे ललित लेखन एकाच डोळ्यांनी पाहिलेले आहे. फक्त एकीकडे हातात मोजमापाची हत्यारे आहेत आणि दुसरीकडे बाजाराची पिशवी.

हा डोळा घडला कसा, हे पाहण्यासारखे आहे. बाईंचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. तिथल्या इरावती नदीचेच नाव मुलीला मिळाले. शिक्षणासाठी पुण्यास आल्यावर रँग्लर परांजपे यांच्या घरी त्या घरच्या मुलीसारख्या वाढल्या. पुढे महर्षी कर्वे यांच्या सून झाल्या. बर्लिनला जाऊन माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंत किती फरक असतो यावर त्यांनी प्रबंध लिहिला, आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात अध्यापन केले. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालविणाऱ्या अगदी पहिल्यावहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. डोकी, नाके, उंच्या मोजत त्या गावोगाव आणि रानावनांतून हिंडल्या. असे हिंडणारे माणूस घरी परतले की त्याला घरही जरा परके, नव्याने पाहण्यासारखे दिसू लागते. आपणही कोकणातून चार दिवसांनी परत येतो तेव्हा आपल्याच स्वयंपाकघराचा वास आपल्याला नव्याने येतो, त्यातलाच हा प्रकार. बाईंनी मात्र तो वास विसरू दिला नाही.

'परिपूर्ती' हा त्यांचा निबंध पुष्कळांनी शाळेत असताना किंवा त्यानंतर कधीतरी वाचलेला असतो. गोष्ट एवढीशीच. एका सभेत बाईंची ओळख करून दिली जाते: अमक्यांची मुलगी, अमक्यांची सून, अमक्यांची पत्नी. सारीच नावे मोठी. सभा टाळ्या वाजवते, पण बाईंना आत कुठेतरी वाटत राहते की या ओळखीत काहीतरी राहिले आहे. नंतर रस्त्याने चालत असताना पोरांचा एक घोळका दिसतो, आणि त्यातला एक पोरगा दुसऱ्याला हळूच सांगतो की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई बरे का! तेवढ्याने ओळख पुरी झाली.

आजच्या वाचकाला, विशेषतः आजच्या मुलींना, हे खटकते. आणि त्यांचे खटकणे मला खोटे वाटत नाही. एवढी विदुषी, एका विषयाची पायाभरणी करणारी स्त्री, आणि तिला पूर्णत्व कशाने? तर आईपणाने! सुनेचे आणि पत्नीचे लेबल काढून दुसरे चिकटवले, यात मिळवले काय? माझ्या घरातच या निबंधावरून दोन तट आहेत आणि दिवाळीत फराळाच्या वेळी ते हमखास जुंपतात.

पण एक गोष्ट या वादात विसरली जाते. 'परिपूर्ती' लिहिणारी बाई ही नात्यांचा अभ्यास करणारी बाई आहे. पुढे १९५३ साली 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हा ग्रंथ तिने लिहिला. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी गावी दिली जाते, म्हणून तिथे माहेर आणि सासर ही दोन वेगळी जगे होतात. दक्षिणेत आत्याच्याच घरी मुलगी जाते, तेव्हा सासू ही आधीच आत्या असते. आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधोमध, मामाची मुलगी चालते पण आत्याच्या मुलीला सहसा नको म्हणणारा. हे सारे तिने नात्यांच्या शब्दांवरून लावले. आपल्याकडे माणसाला हाक मारायची म्हणजे त्याचे कोणाशी तरी नाते सांगायचे, हे जिने इतके बारकाईने पाहिले, तिला सभेतल्या त्या ओळखीची गंमत कळली नसेल? सभेतल्या नात्यांत एक फरक होता. ती सारी नावे तिच्याहून मोठी होती, आणि तिला त्यांच्या सावलीत उभे केले होते. रस्त्यावरच्या पोराला ना महर्षी ठाऊक, ना रँग्लर. त्याला ठाऊक असलेला कर्वे अर्ध्या चड्डीतला. या नात्यात सावली पडलीच तर ती आईची लेकरावर पडते, उलट नव्हे. निबंधातले हसू इथे आहे. ते भोळे मुळीच नाही, आणि मुलींच्या तक्रारीला ते पुरते उत्तर आहे असेही मी म्हणणार नाही.

'वाटचाल' हा निबंध मला 'परिपूर्ती'पेक्षा वरचा वाटतो. त्यात बाई एका दिंडीबरोबर पंढरपूरच्या वाटेने पायी निघाल्या आहेत. प्रवासवर्णन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आगबोट, विमान आणि लंडनचे धुके येते. इथे पायांखाली देशावरची वाट आणि कानांवर गावोगावची मराठी. माणसे मोजण्याची सवय असलेल्या बाई इथे माणसांत चालतात. जे लोक पंढरीला जातात त्यांचा तो महाराष्ट्र, ही त्यांनी वाटेवर केलेली व्याख्या प्रसिद्धच आहे. नकाशावर रेघ ओढून प्रांत ठरविण्याची भाषा ज्या काळात चालली होती, त्या काळात पायांनी प्रांत ठरवावा हे सुचायला चालावेच लागते.

आणि तरीही बाई भक्तिभावाने डोळे मिटून घेत नाहीत. एकच दिंडी, भजन एक, वाट एक, पाऊस पडला तर भिजणेही एक. पण जेवायची वेळ झाली की ब्राह्मणांची चूल वेगळी आणि मराठ्यांची वेगळी. हे त्यांना रोज टोचते आणि त्या ते लिहितात. मराठीत वारीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे टाळांच्या गजरात ही चूल विसरते. इरावतीबाईंनी विठोबावरचे प्रेम आणि त्या चुलीचा सल ही दोन्ही एकाच पिशवीत घेतली आणि चालत राहिल्या. कुठलेही एक टाकून दिले असते तर ओझे हलके झाले असते, पण निबंधही हलकाच झाला असता.

दोष नाहीत असे नाही. बाईंना मत देण्याची घाई असते. एखादे दृश्य छान उभे राहात असते, आणि मध्येच प्राध्यापक जागा होऊन चार ओळींचा सिद्धांत सांगतो. भाषाही कधी कधी खरखरीत, नीट न इस्त्री केलेल्या पातळासारखी. ज्यांना घोटीव गद्याचा शौक आहे त्यांनी दुसरीकडे जावे.

'युगान्त' (१९६७) या पुस्तकामुळे त्यांना साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि बाकीची पुस्तके मागे पडली, हे एका परीने वाईटच झाले. कारण 'युगान्ता'तली कुंती आणि गांधारी आकाशातून उतरलेल्या नाहीत. सुना, सासवा, दीर, जावा यांची धुसफूस ज्या बाईने घराघरांत जाऊन टिपून घेतली होती, तिनेच हस्तिनापूरच्या माजघरात पाऊल टाकले. विदुर आणि युधिष्ठिर यांच्या नात्याविषयी तिने जो धीट तर्क केला आहे, तो पटो न पटो, नात्यांचा तक्ता मांडायची सवय असल्याशिवाय सुचणारा नाही.

घरात ही पुस्तके असतील तर या सुट्टीत आधी 'वाटचाल' काढावा, तोही मोठ्याने वाचावा. ऐकायला एखादी आजी असली तर फारच उत्तम. 'परिपूर्ती' त्यानंतर, जेवणे उरकल्यावर. भांडण होईल, म्हणून मुलांना झोपवून मग.