बापाचे अश्रू आणि आपले सांत्वन

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर कोसळला आणि ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कित्येकांचे देह हाती लागलेच नाहीत. शोधकार्य थांबवून त्यांना मृत घोषित करावे लागले. त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यातीलच दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांनी हेच दुःख भोगले होते. अशा प्रसंगी आई आक्रोश करते आणि बाप मुकाट्याने फावडे उचलतो, असे चित्र आपल्या मनापुढे आपोआप उभे राहते. हे चित्र आपल्याला कोणी दिले, याचा शोध घेताना आपले साहित्य आणि आपली प्रवचने, दोन्ही तपासून पाहावीत असे आम्हाला वाटले.

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. शाहीर तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्याने तानाजींची जी मूर्ती उभी केली, ती एका वीराची तशीच एका बापाचीही आहे. मुलाचे, रायबाचे, लग्न बाजूला ठेवून हा बाप गडावर जातो आणि १६७० च्या फेब्रुवारीत तेथेच देह ठेवतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण या बापाचा निर्धार गायिला. परंतु परंपरेने या कथेचा उत्तरार्धही जपला आहे. शिवाजी महाराज उमरठला आले, त्यांनी मालुसऱ्यांच्या घराचे सांत्वन केले आणि रायबाचे लग्न लावून दिले, असे लोक सांगतात. पूर्वार्धात बाप मन घट्ट करतो. उत्तरार्धात एक वडीलधारा माणूस दुःखाच्या घरी चालत येतो आणि अडलेले कार्य पार पाडतो. आपण पूर्वार्ध मुलांकडून पाठ करून घेतला. उत्तरार्धातले सांत्वनाचे शिक्षण मात्र आपल्या हातून निसटले.

कोकणातच, रत्नागिरी जिल्ह्यात, १८६१ मध्ये जन्मलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्या एका शोककवितेला ‘बापाचे अश्रू’ असे नाव दिले. टिळक आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, पण आपल्या भाषेचे आणि आपल्या प्रभूचे होते. मराठी कवितेत आईच्या अश्रूंना हक्काची जागा आहे. बापाच्या अश्रूंना थेट शीर्षकात आणून बसविण्याचे धैर्य या भक्तकवीने दाखविले. त्यांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या ख्रिस्ती कथाकारांनी ते किती पेलले? आपल्या कथांतला बाप अंत्यविधीच्या दिवशी शवपेटीची व्यवस्था पाहतो, पाहुण्यांना चहा विचारतो आणि मग कथेतून नाहीसा होतो. लेखकाची नजर त्याच्यामागे परसदारी जात नाही.

लेखकांना बोल लावण्यापूर्वी आम्ही आमचाही अपराध कबूल केला पाहिजे. लोक आम्हाला ‘फादर’ म्हणतात. पुरोहितपणाच्या पहिल्या वर्षांत, तरुण मुलगा गमावलेल्या एका बापाला आम्ही दफनविधीच्या वेळी ‘देवाची इच्छा’ असे सांगितले होते. त्याने मान डोलावली. पुढे कित्येक महिने तो रविवारी मिस्साला येई, शेवटच्या बाकावर बसे आणि प्रवचन सुरू झाले की उठून बाहेर उभा राही. त्याचा राग देवावर नव्हता, आमच्या घाईवर होता, हे कळायला आम्हाला फार काळ लागला.

वास्तविक पवित्र शास्त्राने ही चूक केव्हाच दाखवून ठेवली आहे. ईयोबाची दहाही मुले घर कोसळून त्याखाली दबून मेली. तळियेनंतर हा प्रसंग वाचताना आमचा आवाज अडखळतो. त्याचे तीन मित्र आले, मोठ्याने रडले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मूकपणे बसून राहिले. हा त्या ग्रंथातील सांत्वनाचा सर्वोच्च क्षण होय. पुढे त्यांनी तोंड उघडले, दुःखाची कारणे सांगू लागले आणि सारे बिघडले. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. आक्रोश करणाऱ्या बापाला तो आपलेसे करतो.

संत योसेफाकडेही आता नव्याने पाहावे लागेल. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० पासून वर्षभर संत योसेफ वर्ष घोषित केले होते. तळियेची आपत्ती त्याच वर्षातली. योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही, म्हणून आम्ही प्रवचनांतून बापांना त्याचे मौन शिकवीत आलो. पण लूकच्या शुभवर्तमानात, तीन दिवसांच्या शोधानंतर बाळ येशू मंदिरात सापडतो तेव्हा पवित्र मरिया त्याला सांगते की, तुझा पिता आणि मी कष्टी होऊन तुला शोधीत होतो. बापाचे दुःख तेथे आईच्या तोंडून बोलले गेले आहे; ते नव्हते असे नाही. योसेफाला त्याचा मुलगा तरी सापडला. तळियेच्या डोंगराखाली ज्यांचे आप्त राहिले, त्यांना निरोप देण्यासाठी देहही मिळाला नाही.

तेव्हा लेखकांना आमची विनंती एवढीच की, बापाला अंत्यविधीनंतर कथेतून घालवू नका. धर्मग्रामातील कुटुंबांना विनंती अशी की, तिसऱ्या महिन्यात, पाहुण्यांची ये-जा थांबते तेव्हा, त्या घरी जा. बापाला मुलाचे नाव घेऊन काहीतरी विचारा आणि तो गप्प राहिला तर त्याच्याजवळ बसून राहा. ज्याने स्वतः मूल पुरले आहे, अशा एखाद्या बापाला सोबत न्या. आमच्या प्रवचनाला जे साधत नाही, ते त्याच्या नुसत्या शेजारी बसण्याने साधते.

शेवटच्या बाकावरचा तो गृहस्थ पुढे हेच काम करू लागला. कोणाच्या घरी मूल गेले की तो आमच्या आधी तेथे पोहोचलेला असे. आम्ही जाऊन बसत असू, ते त्याच्याशेजारी.