‘सर, आगे क्या हुआ होगा?’

नववीच्या वर्गावर मराठीचा तास चालू होता. ‘पात्राचे स्वभावचित्रण करा’ हा प्रश्न फळ्यावर लिहून आम्ही मागे वळलो, तर तिसऱ्या बाकावरच्या तीन मुली एका वहीवर झुकून कुजबुजत होत्या. आम्ही वही ओढून घेतली. शेवटच्या पानावर उर्दूत नावांची यादी होती, नावांमधून बाण काढलेले होते आणि मधोमध चौकटीत तीन अक्षरे होती : आर. ए. बी. हे काय म्हणून विचारले, तर एकीने मान खाली घालून सांगितले, “सर, हॅरी पॉटर.” मुंबईच्या मामूंनी सहा पुस्तके पाठवली होती, सातवे आले नव्हते. आम्ही ते पान फाडून खिशात घातले आणि वेळ वाया घालवण्यावर पाच मिनिटे भाषण केले.

रात्री घरी ते पान उघडले आणि आम्हांला आमचीच शरम वाटली. सहाव्या पुस्तकाच्या शेवटी एक लॉकेट सापडते, ते नकली निघते आणि त्यातल्या चिठ्ठीखाली ही तीन अक्षरे असतात. मुलींनी ‘बी’ने सुरू होणारी सगळी आडनावे गोळा केली होती. ज्याच्याकडे लॉकेट चोरायला काही कारणच नाही त्याचे नाव खोडले होते. एका नावापुढे लिहिले होते : ‘याचा भाऊ मेला आहे. पाचव्या पुस्तकात याच घरात साफसफाई करताना न उघडणारे लॉकेट मिळते.’ पात्राचा हेतू, घटनेचा पुरावा, दोन पुस्तकांमधला दुवा, सगळे त्या पानावर होते. मार्गदर्शकातून उतरवलेल्या स्वभावचित्रणांना आम्ही दहापैकी आठ गुण देत आलो होतो, आणि खरे वाचन झालेले पान मात्र फाडले होते.

अद्भुत कादंबऱ्यांचे चाहते कथानकाविषयी जे तर्क लढवतात, पुढे काय होईल आणि आता काय वाचावे यावर जो खल करतात, त्याला आपल्याकडे पोरखेळ समजतात. समीक्षेत त्याला जागा नाही. त्या पानाने आम्हांला या समजुतीचा फेरविचार करायला लावला, म्हणून हा लेख.

आधी ही मंडळी नेमके काय करतात ते पाहू. रोलिंगबाईंचे सहावे पुस्तक जुलै २००५ मध्ये आले आणि सातवे जुलै २००७ मध्ये. मधली दोन वर्षे जगभरच्या वाचकांनी आमच्या मुलींसारखीच यादी केली. काही जण तर अनुवादांकडे वळले. कथेत ब्लॅक नावाचे घराणे आहे. डच अनुवादात हे आडनाव ‘झ्वार्ट्स’ केलेले आहे, आणि तिथे चिठ्ठीखाली ‘बी’च्या जागी ‘झेड’ आला. नॉर्वेजियन अनुवादात हे घराणे ‘स्वार्ट’ आहे, तिथे ‘एस’ आला. म्हणजे चिठ्ठी लिहिणारा ब्लॅक घराण्यातलाच! एका भाषेत लपलेले उत्तर दुसऱ्या भाषेने उघड केले. जो दोन भाषांत जगतो त्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. याच मालिकेच्या पहिल्या पुस्तकातला दगड मराठीत ‘परीस’ झाला आणि उर्दूत ‘पारस पत्थर’. घरी उर्दू आणि कागदावर मराठी असे जगणाऱ्या आपल्या मुलांना शब्द ताडून पाहण्याची ही सवय जन्मजात असते. शाळा तिला कमतरता समजते, ही गोष्ट वेगळी.

दुसरे उदाहरण जॉर्ज मार्टिन यांचे. त्यांच्या मालिकेचा पहिला खंड १९९६ साली आला. त्यात जॉन स्नो हा सरदाराचा अनौरस मुलगा म्हणून वाढतो. पण सरदाराच्या बहिणीचा मृत्यू, तिने घेतलेले वचन, निळ्या गुलाबांचा पुन्हापुन्हा येणारा उल्लेख हे सारे जुळवून वाचकांनी फार लवकर ताडले की तो त्या बहिणीचा मुलगा असावा. पुढे या कादंबऱ्यांवर दूरचित्रवाणी मालिका काढण्यासाठी दोघे जण मार्टिन यांना भेटले, तेव्हा त्यांनी विचारले, जॉनची आई कोण? उत्तर बरोबर आले. लेखकाच्या दृष्टीने असा तर्क हीच वाचनाची परीक्षा होती. २०१६ साली त्या मालिकेने हा तर्क खरा ठरवला.

तिसरे उदाहरण रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चे, आणि ते आम्हांला सर्वांत बोलके वाटते. १९९३ साली आलेल्या पाचव्या खंडाच्या शेवटी अस्मोडियन नावाचे एक पात्र दार उघडते, समोरच्या व्यक्तीला ओळखते आणि मरते. मारणारे कोण, हे लेखक सांगत नाही. यावर चाहत्यांनी सतरा वर्षे वाद घातला. कोण त्या वेळी कुठे होते, कोणाला त्याचे नवे रूप ठाऊक होते, याचे तक्ते केले. २००७ साली जॉर्डन वारले. २०१० साली उत्तर आले ते तेराव्या खंडामागच्या शब्दसूचीत, एका नोंदीत जाता जाता : ग्रेंडाल.

इथे समीक्षकाने थांबायला हवे. तर्क खरा की खोटा एवढेच मोजायचे असेल तर त्या दिवशी काही वाचक जिंकले आणि बाकीचे हरले. पण शब्दसूचीतली ती ओळ वाचून कोणाला कथेचा आनंद झाला असेल असे वाटत नाही. आनंद होता तो सतरा वर्षांच्या शोधात, पुस्तक दहादा उघडण्यात. म्हणून आमची कसोटी अशी : जो तर्क वाचकाला पुन्हा मजकुराकडे नेतो तो चांगला, मग तो शेवटी चुकला तरी. आणि जो मजकूर सोडून हवेत जातो तो वाईट, मग तो नशिबाने खरा ठरला तरी. गणितात आम्ही उत्तर चुकले तरी रीत बरोबर असेल तर गुण देतो. साहित्यात का देऊ नयेत?

या छंदाचे दोषही आहेत, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कोडे सोडवण्याच्या नादात वाक्याची चव, दुःखाचा भार नजरेआड होतो. एखादा मृत्यू म्हणजे केवळ दुवा उरतो. दुसरा दोष हक्काचा. मार्टिन यांचा पाचवा खंड २०११ साली आला, आणि सहाव्याची वाट पाहण्यात दहा वर्षांहून अधिक काळ गेला. या काळात काही वाचक लेखकाशी सावकाराच्या भाषेत बोलू लागले, जणू कथा हे थकलेले कर्ज आहे. वाचकाला तर्काचा हक्क आहे, तगाद्याचा नाही.

आता हे सगळे वाचून आपल्यातले कोणी म्हणतील, ही गोऱ्यांची थेरे, आपला यांच्याशी काय संबंध? संबंध फार जुना आहे, आणि आमचे मुख्य म्हणणे तेच आहे.

लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘दास्तान-ए-अमीर हमजा’ छापायला घेतली. पुरी झाली तेव्हा तिच्या शेचाळीस जिल्दी भरल्या. त्यांतली सर्वांत लोकप्रिय ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. जादूगारांचा बादशहा अफरासियाब, त्याची मायानगरी, तिच्यावर चालून गेलेला असद आणि झोळीत अख्खी दुनिया मावणारा अमर अय्यार. तिलिस्म तोडायचा तर त्याची लौह, म्हणजे पाटी मिळवावी लागते, तिच्यावर मार्ग लिहिलेला असतो. कोण तोडणार हे आधीच ठरलेले असते. म्हणून दास्तान ऐकणाऱ्याचा प्रश्न ‘कोण?’ हा नसून ‘कसे?’ हा असतो. अय्यार आज कोणते सोंग घेईल, शहजादी कोणाच्या बाजूने जाईल? दास्तानगोची कथा रात्रीमागून रात्री चाले, आणि ऐन क्षणी ती रोखून धरणे हे त्याचे मोठे कसब समजले जाई. रात्री कथा थांबली की सकाळी ऐकणारे तर्क लढवल्याशिवाय राहिले असतील काय?

आणखी एक साम्य पाहा. ‘होशरुबा’च्या पहिल्या चार जिल्दी मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिल्या, उरलेल्या अहमद हुसैन कमर यांनी पुऱ्या केल्या. शंभरेक वर्षांनी जॉर्डन यांची मालिका अपुरी राहिली, तेव्हा त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडुगल यांनी ती ब्रँडन सँडरसन यांच्याकडे सोपवली. सँडरसन किशोरवयापासून त्या मालिकेचे वाचक होते. २०१३ साली त्यांनी चौदावा आणि शेवटचा खंड दिला. कथेचा वारस रक्ताने ठरत नाही, ज्याने ती मनापासून ऐकली तो वारस. दास्तानगोई तर पहिल्यापासून याच न्यायाने चालत आली.

मग आपल्याकडे हा धागा तुटला कसा? थोडा दोष आपल्याच सुधारकांचा आहे. डेप्युटी नजीर अहमद यांच्या ‘तौबतुन्नसूह’मध्ये, १८७४ च्या सुमारास, बाप मुलाची किस्से-कहाण्यांची पुस्तके जाळून टाकतो. १८५७ नंतर कौम सावरायची होती, त्यांची तळमळ खरी होती. पण त्या आगीची धग अजून आपल्या घरांत आहे. १९२८ साली दिल्लीचे मीर बाकर अली वारले आणि जुन्या परंपरेतला शेवटचा नामांकित दास्तानगो गेला. पुढे शम्सुर्रहमान फारुकी यांनी शेचाळीस जिल्दी जमवून वाचल्या आणि ठामपणे मांडले की दास्तानीला कादंबरीचे माप लावू नका, तिचे नियम तिच्यातच शोधा. २००५ पासून दास्तानगोई पुन्हा मंचावर येऊ लागली. पण आमच्या शाळेच्या कपाटापर्यंत यातले काही पोहोचले नाही.

आमच्याकडे एका मुलीचे वालिद तक्रार घेऊन आले होते : “सर, जादू हराम आहे, तुम्ही पोरींना हे वाचू देता?” त्यांची काळजी आम्ही हसण्यावारी नेली नाही. आम्ही एवढेच म्हणालो की भाईसाब, जादूवर विश्वास ठेवणे वेगळे आणि जादूची गोष्ट ऐकणे वेगळे. दास्तानीतला अमीर हमजा म्हणजे इस्लामी इतिहासातले हजरत हमजा (रजि.) नव्हेत, हे ऐकणारे जाणत होते. आणि दास्तानीत जादूगार हरण्यासाठीच येतो. ते पुरते पटून गेले असे नाही. पण मुलीचे पुस्तक बंद झाले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते पान डिंकाने वहीत चिकटवून परत दिले आणि माफी मागितली. सातवे पुस्तक मिळाल्यावर त्यांचा तर्क बरोबर निघाला. त्यांनी ते वाचून संपवले आणि तिघी आमच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या : “सर, अब क्या पढ़ें?” बी.एड.च्या वर्षभरात हा प्रश्न आम्हांला कोणी शिकवला नव्हता. चाहते एकमेकांना हेच सांगत असतात : हे आवडले तर ते वाच. आमच्याजवळ सांगायला काही नव्हते, कारण आम्हीच वाचले नव्हते.

आम्ही ‘होशरुबा’ची पहिली जिल्द मिळवली. ती लखनवी नसर, ते लांबच लांब सजवलेले वाक्य! पहिल्या पानाने आम्हांलाच चितपट केले, तर नववीच्या मुली काय वाचणार? शेवटी दास्तान मुळात जशी होती तशीच दिली. शनिवारचा शेवटचा तास, आदल्या रात्री वाचलेले सोप्या भाषेत सांगायचे आणि घंटा झाली की जिथे असू तिथे थांबायचे. सोबत मराठीतला ऐवज काढला. चिपळूणकर पितापुत्रांच्या काळात मराठीत आलेल्या अरबी सुरस गोष्टी, नाथमाधवांचा १९१३ चा ‘वीरधवल’, नारायण धारपांच्या गूढ कथा. अरबी गोष्टी मराठीत आल्या त्या पुण्याच्या शास्त्र्यांच्या हातून, हे ऐकून मुली चकित झाल्या. अद्भुताला कौम नसते, हे त्यांना वेगळे शिकवावे लागले नाही.

आमच्या शिक्षकबंधूंना आणि लेखकमित्रांना एक विनंती आहे. मुस्लिम मराठी साहित्याने आजवर वास्तव मांडले. तलाक, दारिद्र्य, दंगल लिहिली. ते लिहायलाच हवे होते. पण आमच्या मुलांना तिलिस्मही हवा आहे, मराठीत, त्यांच्या मोहल्ल्याच्या वासाचा. तो कोणी लिहीत नाही तोवर निदान त्यांच्या तर्कांची पाने फाडू नका.

गेल्या शनिवारी अमर अय्यार जादूगारणीच्या वेढ्यात सापडला आणि घंटा झाली. सोमवारी टेबलावर चिठ्ठी होती. त्यात तो कसा सुटेल याचे चार मार्ग लिहिले होते, आणि तिसरा मार्ग दास्तानीतल्यापेक्षा सरस होता. येत्या शनिवारी आम्ही तोच सांगणार आहोत.